राहू दे

३ मार्च, सोमवार
नाना अंथरुणावर, शिड्यांचा कारखाना आता माझ्याकडे. त्यांची खुर्ची वर हलवली, काचेच्या केबिनमध्ये. सगळा कारखाना एका नजरेत दिसतो — ऐकू मात्र काही येत नाही. बरंच आहे! नाना दिवसभर खाली शिड्यांमधून फिरत बसायचे. मॅनेजमेंट म्हणजे काय, गावीही नव्हतं त्यांच्या. गोदामातल्या म्हाताऱ्याला घरी बसवलं. त्याच्या जागी नवा माणूस, चांगला डिग्रीवाला.

५ मार्च
समोर ग्राहक बसलेले आणि नेमका फोरमनकाकांचा फोन. नव्या खेपेतल्या शिड्यांच्या रिव्हेटांचं काहीतरी रडगाणं. "राहू द्या काका, नंतर बघू," म्हटलं आणि ठेवला. मग डोक्यातूनच गेलं.

संध्याकाळी काका घरी आले, नानांच्या पलंगाशी बसले. म्हणाले, ताई अगदी तुमच्यावर गेल्यात. नानांना भरून आलं. कशावरून, ते मी विचारलं नाही — कौतुक कोणाला नको असतं!

१९ मार्च
आपल्या शिडीची पायरी निखळली. एक रंगारी वरून पडला. गेला. मागे बायको आणि दोन मुली. जेवण गेलं नाही.

२० मार्च
आज काकांकडून कळलं. नाना खाली फिरताना एखाद्या शिडीवर हात ठेवून म्हणायचे, "राहू दे." म्हणजे ही इथेच राहणार, बाहेर जाणार नाही. खालच्या सगळ्या जुन्यांना ठाऊक. मला नव्हतं! मला फक्त काकांना गप्प करायचं होतं. त्यांना वाटलं, मी खेप अडवली. खूश होऊन गोदामात सांगून आले, "ताई म्हणाल्यात, राहू दे." नव्याला वाटलं, तपासणी राहू दे. त्याने गाडी भरली.

म्हातारा असता तर एक शिडी हलू दिली नसती. त्याला मीच घालवलं. बाकीच्या शिड्या परत मागवल्यात. फार भीती वाटतेय.

२४ मार्च
नानांना अजून काही सांगितलेलं नाही. आज विचारत होते, तू अडवलेली खेप दुरुस्त झाली का? मी त्यांचं औषध शोधत बसले. समोरच होतं.

२६ मार्च
चौकशीवाले आले. खेप कोणाच्या सांगण्यावरून गेली, विचारलं. काका पुढे झाले. "माझ्या."

मी तोंड उघडलं. काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "राहू द्या, ताई."

मी राहू दिलं.