इरम्माचं खरं वय

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ता. १७ जानेवारी १९४४

ती. विरुपाक्ष अण्णा यांस,

धाकट्या इरम्माचा शि. सा. नमस्कार वि. वि.

चहाची कपबशी आधी बाजूला ठेवा, बातमी मोठी आहे. लढाईतल्या जखमींसाठी दवाखान्यातून नर्स बसऱ्याला जाणार आहेत आणि मी नाव दिलं आहे. दोन वर्षं तिथं सेवा केली की डॉक्टरीच्या शाळेसाठी मेट्रनबाई स्वतः शिफारस लिहिणार. इथं पट्ट्या बांधून तीन वर्षं झाली, अण्णा. मला डॉक्टर व्हायचं आहे आणि दुसरी वाट दिसत नाही.

अडचण एकच. वयाची एकवीस वर्षं पुरी हवीत. मला बाविसावं सरलं, पण शाळेच्या दाखल्यावर मी एकोणीसचीच आहे. पुढं स्थळं आली तर मुलगी थोराड वाटू नये म्हणून अप्पांनी नाव घालतानाच तीन वर्षं गिळली, हे तुम्ही जाणताच. उस्मानाबादच्या कचेरीतून दुरुस्त दाखला फेब्रुवारीच्या पंधरापर्यंत यायला हवा. स्टेशनवर तारा ठोकता त्या घाईनं हेही करा. बसरा किती लांब आहे ते अव्वाला सांगू नका.

आजवर केलीत तशीच माया असू द्या.

आपली,
इरम्मा

येडशी स्टेशन, ता. १० फेब्रुवारी १९४४

चि. इरम्मा हिस अ. उ. आ.

तुझ्या तारबाबूनं काम फत्ते केलं! कचेरीत जन्माचा साक्षीदार मागितला, म्हणून आपल्या गावची सुईण धुरपदाबाई हिला बैलगाडीत घालून नेलं. वाटभर तंबाखू मागून तिनं जीव खाल्ला. पेशकारापुढं मात्र ताठ बसून म्हणाली की व्हय, ही पोर म्याच सोडवली, मानमोडीचा ताप आला त्या साली. म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचं एकोणीसशे अठरा. झालीस की नाही एकदम पंचवीस वर्षांची! मागितली एकवीस, चार वरकड मिळाली. दिवस मोडू नयेत म्हणून दाखला परवाच रजिस्टरनं थेट मेट्रनबाईंकडे लावून दिला.

बसऱ्याला जोंधळा पिकतो का, असं अव्वानं विचारलं. पिकतो म्हणून सांगितलं. तिनं तुझ्यासाठी शेंगाचटणी कुटायला घेतली आहे.

डॉक्टरीणबाई झालीस तरी या भावाला विसरू नकोस.

तुझा,
विरुपाक्ष

सोलापूर, ता. २१ फेब्रुवारी १९४४

ती. अण्णा यांस सा. न. वि. वि.

दाखला चौदा तारखेला पोचला. मेट्रनबाईंच्या कारकुनानं तो परस्पर फायलीला लावला आणि पंधराला मी दोन वर्षांच्या करारावर सही केली. तुमचं पत्र सतराला हाती पडलं. ते वाचून मी तशीच मेट्रनबाईंच्या खोलीत गेले.

डॉक्टरीच्या शाळेत पंचविशीच्या पुढं घेत नाहीत. ही अट मी तुम्हांला कळवली नव्हती, ती चूक माझी. खऱ्या वयानं परत येताना मी चोवीसची असते. दाखल्यानं सत्तावीस. मेट्रनबाईंनी शिफारशीचा आधीच लिहून ठेवलेला कागद माझ्यादेखत घडी करून खणात टाकला. म्हणाल्या की सरकारी शिक्क्यापुढं त्यांचं काही चालत नाही. करारही मोडता येत नाही. चार मार्चला मुंबईहून बोट आहे.

मी रागावले आहे, खोटं कशाला लिहू? एकदा लग्नासाठी मला लहान केलंत, एकदा नोकरीसाठी मोठी. माझं खरं वय कुठल्याच कागदावर नाही. धुरपदाबाईला नेमकं तेच साल कसं आठवलं, तेवढं तिला विचारून कळवा.

इरम्मा

येडशी स्टेशन, ता. २७ फेब्रुवारी १९४४

चि. इरम्मा हिस अ. उ. आ.

धुरपदाबाईकडे गेलो नाही. मला उत्तर ठाऊक आहे. मानमोडीत तिचा नवरा आणि दोन्ही लेकरं एका आठवड्यात गेली. त्यानंतरचं सालच तिला आठवत नाही. गावातलं कुठलंही पोर विचारा, तिच्या लेखी ते त्याच साली जन्मलेलं. सारा गाव हे जाणतो. मीही जाणत होतो.

आणखी एक लपवलं होतं. पेशकारांनी मला विचारलं होतं की तुम्ही थोरले भाऊ, बाई सांगते ते बरोबर का? तू झालीस तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. एकोणीसशे एकवीसचा श्रावण, सोमवार. उंबऱ्यावर बसून अव्वाचं कण्हणं ऐकत होतो आणि पाणी तापलं की आत देत होतो. एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मला वाटलं, बावीस म्हणजे काठावरचं, पंचवीस भक्कम. मी हो म्हणालो. तुझं नुकसान धुरपदाबाईनं नाही, मी केलं.

काल पुन्हा कचेरीत गेलो. एकदा दुरुस्त झालेलं वय पुन्हा बदलत नाहीत.

सोबत एक साधा कागद आहे. तुझी जन्मवेळ आठवेल तशी लिहून खाली सही केली आहे, साक्षीदार म्हणून. तो कुठं चालणार नाही. बोट सुटायच्या आत तुला मिळेल की नाही, तेही सांगता येत नाही. चटणीचा डबा पोस्टानं घेतला नाही, तो इथंच टेबलावर आहे.

आशीर्वाद द्यायला तोंड उरलं असेल तर तो घे.

तुझा,
विरुपाक्ष