गवईकाकांची हॅशची चौकट

३ मार्च, सोम.
स्क्रिप्ट झाली एकदाची! रोज सकाळी अकोला, दर्यापूर, परतवाडा, तिन्ही लॅबच्या सर्व्हरवर आपोआप लॉगिन, माती तपासणीच्या रिपोर्टांचा बॅकअप, बाहेर. प्रॉम्प्ट, म्हणजे सर्व्हर कमांड घ्यायला तयार असल्याची खूण, ओळखायला साधा रेजेक्स, अक्षरांचा साचा: # (हॅश) किंवा $ दिसलं की पुढची कमांड. साहेब खूश. "आठवडाभर चालली की गवईंचं कंत्राट थांबवू."
गवईकाका अकोल्याहून हेच काम कितीक वर्षं हातानं करतात. मलेही त्यांनीच शिकवलं. लाज वाटली.

५ मार्च, बुध.
तिन्हीकडे "यशस्वी". काकांना फोन करून कंत्राटाचं सांगून टाकलं. "बरं झालं पोरी. जठारपेठेत घरी बसून नातीले शिकवीन." आवाज मात्र पडलेला.
दुपारी त्यांनी दर्यापूरच्या सर्व्हरवर सूचना टाकली, लॉगिन केलं की दिसेल अशी: शनिवारी लाइट जाणार. खाली-वर ##### ची रेघ. सूचना म्हटली की चौकट, ही त्यांची जुनी खोड.

८ मार्च, शनि.
लाइट गेली, आली. दर्यापूरची डिस्क उडाली. घाबरले नाही, बॅकअप आहे ना.

१० मार्च, सोम.
नवी डिस्क बसवली, पण कुठचा बॅकअप! दर्यापूरच्या गुरुवारपासूनच्या फाइली रिकाम्या. चौकटीतला पहिला # म्हणजे प्रॉम्प्ट समजून स्क्रिप्टनं कमांड सोडली. दुसरा # दिसला, काम झालं समजून कनेक्शन तोडलं. वर छापलं "यशस्वी". खऱ्या प्रॉम्प्टला ओळीच्या शेवटी # आणि पुढे मोकळी जागा असते, एवढंच पाहायचं होतं. डोकं आहे का मले?
काकांना फोन. रडूच आलं.
"काहून रडून राहिली वं? मी त रोज घेऊनच राहिलो बॅकअप. सवय जात नाही."
"पण काका, तुमाले तर कंत्राट थांबणार म्हटलं होतं ना..."
"कंत्राट संपलं का अजून? फाइल पाठवतो. साहेबाले सांगू नको. तुई पहिली स्क्रिप्ट हाय."
तासाभरात दर्यापूर जसंच्या तसं.

११ मार्च, मंगळ.
रेजेक्स दुरुस्त. मुद्दाम चौकट ठेवून चालवली, खऱ्या प्रॉम्प्टपर्यंत बरोबर थांबते. म्हणजे काकांची गरज आता खरंच नाही. हे जास्त लागलं.
साहेबांना आजच अहवाल पाहिजे, काकांचं कंत्राट थांबवायच्या पत्रावर सही त्यानंतर. एक रकाना: "डेटा कोणत्या बॅकअपवरून परत आणला?"
लिहिलं: गवईकाकांच्या.
साहेब साडेपाचला निघतात. पाच वीस झाले. अहवाल अजून पाठवला नाही.