आनंदीआत्यांचे पूर्णगडचे सृष्टिनिरीक्षण

रत्नागिरी,
माघ शुद्ध सप्तमी

तीर्थरूप आप्पामामा यांस,

मथुरेचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा सुजलेला असल्याने आठांपैकी एक अंग यंदा वाकत नाही, तेवढे गोड मानून घ्यावे.) तुमच्या डोळ्याचे शस्त्रकर्म नीट पार पडले आणि पट्टी अजून सुटायची आहे, हे उमाच्या कार्डावरून कळले. डॉक्टर सांगतील तोवर मान हलवू नये, खोकू नये आणि मुख्य म्हणजे संतापू नये. या शेवटच्या पथ्यासाठीच हे पत्र घाईने लिहीत आहे. ते उमाने तुम्हांला वाचून दाखवायचे आहे. (उमा, तुझे वडील एकदम उठून बसू लागले तर वाचन थांबव आणि त्यांना आवळ्याचे सरबत दे. मग पुढे वाच.)

येथे सर्व क्षेम आहे. आपल्या शाळेची सहलही क्षेम आहे. एकही मुलगी हरवली नाही, बुडाली नाही, कोणाला साप चावला नाही. हे पहिल्यांदा लिहिते, कारण भिकाजीपंत वकिलांचा कारकून सदू कोर्टाच्या कामाने पुण्यास निघाला आहे आणि तो तुम्हांला भेटल्यावाचून राहायचा नाही. आमच्या गाडीवानाशी त्याचे देवळाच्या पायरीवर बरेच बोलणे झालेले आहे. त्याच्या तोंडून हकीकत ऐकली तर तुम्हांला वाटेल की मी मुलींना घेऊन लंकेवर चालून गेले होते.

तुम्हांला आठवतच असेल, सृष्टिनिरीक्षणाच्या सहलीचा विषय शाळेच्या कमिटीपुढे आला तेव्हा भिकाजीपंत काय म्हणाले. मुलींनी सृष्टी परसात पाहावी, परसात केळ आहे, अळू आहे, गाय आहे, आणखी कुठली सृष्टी पाहिजे? तुम्ही एकटे माझ्या बाजूने बोललात म्हणून परवानगी मिळाली. पण त्यांनी अट घातली, की कोणी पोक्त, कर्मठ बाई देखरेखीला बरोबर हवी आणि परत आल्यावर तिने कमिटीला सगळे सांगावे. ते सांगणे वाईट आले तर पुन्हा सहलीचे नाव काढायचे नाही, आणि मीही सृष्टी सोडून मुकाट शिवणाचा वर्ग घ्यायचा. अशी बाई त्यांच्या घरातच होती. त्यांच्या आत्या, आनंदीबाई. तुम्ही त्यांना लांबून पाहिले असेल. (जवळून पाहण्याची सोय त्या ठेवत नाहीत. सोवळ्यात असतात.) लहानपणीच कपाळ पांढरे झालेले, सगळा जन्म भावाच्या नि मग भाच्याच्या स्वयंपाकघरात गेलेला. भाट्याच्या खाडीपलीकडे त्यांनी कधी पाऊल टाकले नव्हते. आळीतली मुले त्यांना पाहून गोट्या खिशात घालतात.

तर अशी ही आत्याबाई धाबळी, जपमाळ, पाण्याची कळशी, मेतकुटाचा डबा नि लोणच्याची बरणी घेऊन पहाटे भाट्याच्या होडीवर हजर झाली. होडीत त्यांनी डोळे मिटून घेतले ते पलीकडच्या काठाला उघडले. पुढे बैलगाड्या. मी मुलींना वाटेतली झाडे दाखवीत होते, किंजळ, ऐन, कुंभा, आणि माझ्या प्रत्येक वाक्याला मागच्या गाडीतून 'च्यक्' असा आवाज येत होता. पावसच्या अलीकडे झाडावर मोठा थोरला ककणेर, म्हणजे धनेश पक्षी, बसलेला दिसला. मी गाड्या थांबवून त्याची चोच, त्याची ढोली, तो मादीला ढोलीत लिंपून बंद कसे करतो नि फटीतून चारा कसा भरवतो, हे सगळे रंगवून सांगितले. मुली भारावून ऐकत होत्या. आत्याबाई एवढेच म्हणाल्या, "बंद करतो होय. त्यात नवल ते काय गो?" माझा पुढचा धडा तिथेच गळाला.

पूर्णगडास आमची एका विद्यार्थिनीच्या काकांकडे उतरण्याची सोय होती. जेवून दुपारी किल्ल्यावर गेलो. किल्ला लहानसाच, पण दर्यादरवाज्यातून समुद्र असा एकदम अंगावर येतो की बोलणे सुचत नाही. मला मात्र सुचले. मी मुलींकडे तोंड करून, पाठीमागे पावले टाकीत, जांभा दगड कसा बनतो हे सांगत होते आणि सांगता सांगता जांभ्याच्या पायरीवरून करवंदीच्या जाळीत गेले. सदू तुम्हांला सांगेल, मास्तरीण किल्ल्यावरून पडली. तसे नव्हे. मी किल्ल्यातच पडले. मुली रडू लागल्या. सखू नावाची एक धीट पोर आहे, ती तेवढी हसू लागली. आत्याबाईंनी वरून वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "ऊठ. मुली बघतायत." हात दिला नाही, सोवळे ना. पण रात्री हळद-चुन्याचा कढत लेप एका वाटीतून माझ्या उशाशी सरकवलेला मिळाला.

आता खरी हकीकत. (उमा, सरबत जवळ घेऊन बस.)

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. किल्ल्याच्या खालच्या अंगाला खडक उघडे पडले होते आणि त्यांच्या खाचांतून पाणी साचून लहान लहान डबकी झाली होती. सृष्टिनिरीक्षणाला याहून उत्तम जागा नाही. माझा गुडघा हलेना, म्हणून मी वाळूत बसले आणि मुलींना जोडीजोडीने पाठवू लागले. आत्याबाई उंडीच्या झाडाच्या सावलीत जप करीत होत्या. थोड्या वेळाने सखू त्यांच्याकडे धावत आली आणि एका डबक्यात फूल आहे, त्याला बोट लावले की ते मिटते, असे सांगू लागली. ते समुद्रफूल. फुलासारखे दिसते, पण तो असतो प्राणी. आत्याबाई कपाळाला आठी घालून उठल्या. मला वाटले, पोरीला रागे भरायला चालल्या. मी हाक मारली नाही. (मनातून बरेच वाटले, ती आठी दुसऱ्या कोणासाठी जातेय म्हणून.)

पाणी वर येऊ लागले तेव्हा मी मुलींना बोलावून मोजले. सगळ्या होत्या. आत्याबाई नव्हत्या. उंडीखाली धाबळी आणि तिच्यावर जपमाळ ठेवलेली. ती माळ त्यांनी हातावेगळी केलेली आजवर कोणी पाहिली नसेल. सखूला विचारले तर ती म्हणाली, "बाई, त्या एका फुलाला बोट लावतात, ते मिटलं की दुसऱ्याकडे जातात. मी म्हटलं चला, तर म्हणाल्या, तू हो पुढे. मग त्या टोकाच्या पलीकडे गेल्या."

टोकापलीकडे! मी गुडघा विसरून धावले. (धावले म्हणजे फरफटले.) टोकाशी येऊन पाहते तो एका एकट्या खडकावर लाल आलवण गुडघ्यापर्यंत खोचून आत्याबाई उभ्या, त्यांच्या नि माझ्यामध्ये पाणी, आणि ते पाणी चांगलेच फुगत चाललेले. त्यांना पोहता येत नव्हते. मला येत नव्हते. लाट आली की खडक दिसेनासा होई आणि त्या पाण्यावर ठेवल्यासारख्या दिसत. मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हात हलवला. "मदत करा" असा नव्हे, आपण परसातून शेजारणीला हलवतो तसा. मामा, त्या क्षणी माझ्या मनात शिवणाचा वर्ग नव्हता की कमिटी नव्हती. एवढेच होते, की ज्या बाईला जन्मभर कोणी कुठे नेले नाही तिला मी नेले, आणि परत न्यायचे राहून गेले. मी तशीच पाण्यात शिरले. कमरेइतक्या पाण्यात पायाखालची वाळू निघून गेली आणि दोन घोट खारे पाणी पोटात गेले.

मला मागून धरून ओढले ते जनीने. जनी तिथली कोळीण, खडकावर कालवे फोडीत होती. तिने मला किनाऱ्यावर टाकले आणि आपल्या नवऱ्याला अशी हाळी दिली की ती तुम्हांला पुण्यासही ऐकू गेली असावी. तिचा नवरा दादू रात्रीची मासळी घेऊन परतत होता. त्याने होडी वळवून खडकाला लावली. मी देवाचे नाव घेतले. आणि आत्याबाई होडीत चढेनात.

"त्या पाटीत मासळी आहे," त्या म्हणाल्या. "मी नाही हो चढायची."

दादू म्हणाला, "आजये, मासळी मेलेली हाय, तुमी जित्या हाव. चडा बगू."

"पाटी आधी बाहेर काढ."

"बाहेर कुठं काडू? बाहेर दर्या हाय!"

पाणी त्यांच्या कमरेला आले होते आणि वाद चालूच होता. इकडे मी वाळूत गुडघ्यावर (डाव्या), मुली रांगेने उभ्या राहून रामरक्षा म्हणताहेत, जनी दोघांनाही शिव्या घालते आहे. शेवटी निवाडा लाटेने केला. एक मोठी लाट आली, तिने आत्याबाईंना अलगद उचलले आणि होडीत, नेमके पाटीवर, आडवे ठेवले.

मी डोळे मिटून घेतले. जीव वाचला हे खरे, पण सहली बुडाल्या हे नक्की झाले. मासळीच्या पाटीवर! भिकाजीपंतांच्या आत्या! आता घरी शुद्धी, प्रायश्चित्त, कमिटी आणि माझ्या हातात सुई-दोरा. डोळे उघडले तेव्हा होडी किनाऱ्याकडे येत असेल असे वाटले. ती तिकडे चालली होती. म्हणजे समुद्राकडे. आत्याबाई उठून होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेशी, बसल्या होत्या आणि बोटाने दादूला काहीतरी दाखवीत होत्या. मी हाका मारून घसा बसवला. जनी म्हणाली, "बाये, गप ऱ्हवा. म्हातारी हिंडतेय."

त्या परत आल्या तेव्हा उन्हे कलली होती. आलवण वाळून मिठाने ताठ झालेले, अंगाला कोळीवाड्याचा वास, आणि चेहरा असा की मी आधी ओळखलेच नाही. खडकाच्या मागे काय आहे ते पाहायचे होते म्हणाल्या. मागे आणखी समुद्र होता. मग त्याच्याही मागे काय आहे ते पाहायला गेल्या. तिथे गादे दिसले, म्हणजे ते पाण्याबाहेर उड्या मारणारे मोठाले मासे. ते होडीबरोबर पळत होते, त्यातले एक पिल्लू होते, आईला चिकटून. हे सगळे त्यांनी मुलींना वाळूत बसवून सांगितले. मला माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही मुली इतक्या गप्प बसलेल्या आठवत नाहीत. मी भीत भीत म्हटले, "आत्याबाई, ती पाटी... स्नान?" त्या म्हणाल्या, "अगो, सगळ्या नद्या जिथं मिळतात त्या पाण्यात भिजून आले. यापरतं कुठलं स्नान करू?" याचे उत्तर तुमच्याकडे असल्यास भिकाजीपंतांना देऊ नये.

सगळ्या मुली सामान बांधायला गेल्या तेव्हा त्या माझ्याजवळ वाळूत बसून राहिल्या. समुद्राकडे बघत म्हणाल्या, "घराच्या माळ्यावरनं रोज दिसायचा. मला वाटायचं, चित्रासारखा असेल. सपाट." मग त्यांनी माझा गुडघा एकदा हाताने चाचपून पाहिला. होय, सोवळ्यातल्या हाताने.

रत्नागिरीस परतल्यावर भिकाजीपंतांनी ओटीवर कमिटीतली दोन माणसे बसवून आत्याबाईंना विचारले, सहल कशी झाली? त्या म्हणाल्या, "मुली शिस्तीत होत्या. मास्तरीण पडली." बस. आणि तुम्ही काय केलेत? "जप." एवढे बोलून त्या पाणी तापवायला आत गेल्या. त्यामुळे वकीलसाहेबांना धरायला काहीच सापडत नाही, आणि गाडीवानाची हकीकत मात्र गावभर फिरते आहे. तुम्ही तरी सदूचे ऐकून मन कलुषित करून घेऊ नये, एवढीच माझी विनंती. बाकी मागणे नाही. आत्याबाईंचे आणि माझे दोघींचेही असे ठाम मत झाले आहे, की असल्या सहली आयुष्यात एकदाच कराव्यात. दगदग फार होते. पट्टी सुटली की उमाने कार्ड टाकावे. मामींना नमस्कार, उमास आशीर्वाद.

तुमची,
मथुरा

ता. क. तुम्ही परत आल्याबरोबर कमिटीची सभा आहे. फाल्गुनात दापोलीकडे मुरुडला सहल न्यावी असा अर्ज मी केला आहे. दोन मते बाजूने, दोन विरुद्ध. पाचवे तुमचे. दगदगीबद्दल वर लिहिले ते मामींसाठी होते.

दुसरा ता. क. मुरुडच्या देखरेखीसाठी कोण येणार, असे भिकाजीपंत विचारतील. या खेपेस दुसरी कोणी बाई पाहू, असेही म्हणतील. तुम्ही त्यांना तसे करू देऊ नये. आनंदीआत्यांनीच जावे असा आग्रह तुमच्याकडून व्हावा. त्यांनी स्वतः नको म्हणायचे आणि मग तुमच्या शब्दाखातर नाइलाजाने तयार व्हायचे, असे ठरले आहे.

तिसरा ता. क. सोबत एका कागदावर पेन्सिलीने काढलेले पाऊल आहे. ते माझे नव्हे. त्या मापाचे रबरी तळव्याचे कापडी बूट पुण्यात मिळतील, ते आणावेत. चामडे मुळीच नको. खडकावर घसरता कामा नयेत. पुडके माझ्या पत्त्यावर यावे, वकिलांच्या नव्हे. आत्याबाई इथे शेजारीच बसल्या आहेत आणि लिहायला सांगताहेत, की बूट मापापेक्षा बोटभर मोठे घ्या, आत मोजे घालायचे आहेत.