फ्लॉपीला लावलेलं कुंकू

दसरा, १९८९. संध्याकाळ.

डोकं फिरलंय माझं. काल खंडेनवमीला शिलाई मशीन, कात्री आन माझा कंप्यूटर पूजेला मांडला. आमच्या मालकांनी सगळ्याला हळदकुंकू लावलं. मशीनला लावलं, कात्रीला लावलं, इथवर ठीक. फ्लॉपीला कामून लावावं? तेबी नेमकं त्या उघड्या फटीत, जिथं आतली तबकडी दिसती, जिथं बोट लावू नका म्हणून मी घरादाराला बजावून ठेवलंय.

आज फ्लॉपी घातली तर नुसती खरखर. आमच्या नौबादच्या बायांची सगळी मापं तिच्यात होती. नाव टाकलं की माप समोर यायचं, म्हणून वही कधीच टाकून दिली. आता दिवाळीचे ब्लाऊज कशावरून कापू?

"देवाचं कुंकू हाय, त्यानं काय बिघडतंय?" मालक म्हणायलेत. वर हसायलेत.

मग आठवलं, कंप्यूटर देताना भावानं सांगितलं होतं, दुसऱ्या फ्लॉपीत नक्कल काढून ठेव अक्का. ठेवली होती की मी. जीव भांड्यात पडला. डबा उघडला तर तिच्याबी फटीत कुंकवाचं बोट.

"एकीला लावून दुसरीला वगळणं बरं दिसतंय का?" म्हणले.

मापाची टेप त्यांच्या गळ्यात घातली. म्हणलं, "जावा आता घरोघर. बायांची मापं तुम्हीच घेऊन या."

तवा कुठं हसणं थांबलं.