जाऊन राहिली

रूपाली,

काल तुहं नवीन गाणं ऐकलं. त्यात तू "मी विसरत आहे" म्हणते. आपल्या दोघांच्या पहिल्या गाण्यात "मी विसरून राहिली" होतं. आठवते काय, पुण्याच्या कार्यक्रमात एकजण म्हणे, "विसरूनही ती राहिली, किती खोल ओळ आहे." आपल्या बोलीत त्याचा अर्थ विसरणं अजून चालूच हाय, हे त्याले कोण सांगन? गाडीत अकोल्यापर्यंत हासत आलो आपुन.

डार्क वेव्ह, आपलं ते उदास सुरांचं संगीत, काय असते हे इथं कोणाले समजलं नाही. तुह्या मोबाइलात परदेशी बँड होते, माह्याजवळ धामणगावच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मशीनची धडधड. तिच्यावरून मी कीबोर्डवर ठेका बांधला, अन् तू त्याच्यावर मयतीत बसल्यासारखी गायची. नव्या गाण्यात तो ठेका नाही. ते जिनिंगही बंद पडलं. मी आता हळदीत वाजवतो. अम्मी म्हणते, "अच्छा हुआ, वो मय्यत का बाजा छूटा."

पुण्याच्या त्या रेकॉर्ड कंपनीले फक्त तुहा आवाज पाहिजे होता. अकोल्याच्या स्टेशनवर तू म्हणली, "अजहर, मी पुण्याले जाऊन राहिली." मले वाटलं, आता निघून राहिली, म्हणजे वापस येईन. तू आपल्या बोलीत बोलली होती. खरं मात्र ते पुण्याच्या मराठीत झालं. गेली, अन् राहिली.

हे पत्र मी काही पाठवून नाही राहिलो.

अजून विसरूनच राहिलेला,
अजहर