आईच्या चालीच्या म्हाताऱ्या

४ मार्च
नवी नोकरी, नवी खोली, खिडकीखाली बेकरी. आमच्या ऑनलाइन लढाईच्या खेळात आजवर कुणी म्हातारं व्हायचं नाही, आणि मेलेला पुन्हा उठून लढायला हजर. आता पात्रं थकतील, आणि एकदा गेली की गेली. हे थकणं नि जाणं मी आखायचं. ऑफिसात पहिल्याच दिवशी माझं नाव 'चित्रगुप्त' पडलं. मजेत आहे मी.

९ मार्च
म्हातारपण काही जमेना. साहेब म्हणाले, तुमच्या म्हाताऱ्या नाटकातल्यासारख्या वाकतात, खरं माणूस बघा. म्हणून आईला व्हिडिओ कॉल केला. खुर्चीतून ऊठ, खिडकीपर्यंत जा, परत ये. सहा वेळा. चौथ्या वेळी तिला धाप लागली. फोन धरलेला दादा म्हणाला, पुरे आता. मी म्हटलं, धापच तर हवी आहे. आई हसली. माझं म्हातारपण तरी कुणाच्या कामी येतंय, म्हणाली. तिची चाल, तिची धाप जशीच्या तशी खेळातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना दिली. साहेब खूश. मीही.

१६ मार्च
चाचणीसाठी शंभरेक लोकांना खेळ दिला. जो तो म्हातारीच घेऊन लढायला निघतोय. पहिली अकरा वाजता मेली, ऑफिसात टाळ्या पडल्या. दुपारी दादाचा फोन. आईला अकराच्या सुमारास भोवळ आली. डॉक्टर म्हणतात, वयोमानाने होतं. कावळा बसायला नि फांदी तुटायला एकच गाठ, दुसरं काय.

१८ मार्च
आज सात मेल्या. मी दादाला विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं. आईचा श्वास सात वेळा अडकला. तेव्हाच साहेबांकडे जायला हवं होतं. पण ते चारचौघांत माझी पाठ थोपटत होते. मी गप्प बसले. बसवलं कसं मला?

२० मार्च
सांगितलं. साहेब हसले. खेळाचं परवाचं उद्घाटन पुढे ढकलायला तयार नाहीत. आईचं चालणं खेळातून पुसून हाताने आखलेलं घातलं, तर एकही म्हातारी जागची उठेना. आईचं घातलं की उठतात. जिवंत माणसाचंच लागतं. साहेबांचं घालावं असं मनात आलं. मग बेकरीवाल्या आजोबांचं. माझी मलाच किळस आली.

२१ मार्च
कॅमेऱ्यासमोर मीच उठले, चालले, धापा टाकल्या. आईचं पुसून माझं घातलं. म्हाताऱ्या उठल्या.
दादाचा फोन. आई उठून बसली, खायला मागतेय. खूप रडले.

२२ मार्च, सकाळी दहा
खेळ सर्वांना खुला. दोन लाख ऐंशी हजार लोक आत शिरलेत म्हणे. गुडघे— अक्षर नीट येत नाही—

आईचा फोन वाजतोय. उचलत नाही. धापेवरून ओळखेल ती.

पहिली गेली.

दुसरी— थांब, जरा श्वास—

दादा, तिला एवढंच सांगू नकोस, की तिच्या जागी मी—