अर्धी दाढी

३ जून, सोमवार
व्यसनमुक्ती केंद्रात तिसरा आठवडा. औषधांचा भाग आटोपला. खरं तर मी कधीच बरा झालोय. बायकोच्या समाधानासाठी राहतोय. आजपासून ऑक्युपेशनल थेरपी. म्हणजे रोजची साधी कामं पुन्हा नीट करायला शिकायची. मी, स्वतःचं सलून असलेला माणूस. मला कामं शिकवणार!
थेरपीच्या बाई म्हणाल्या, काम कसं होईल ते आधी सांगायचं, झाल्यावर कसं झालं ते बघायचं, आणि फरक पडला तर का पडला ते शोधायचं. आपल्याच विचारांवर नजर ठेवायची. म्हटलं, ठेवू.
आजचं काम: सगळ्यांसाठी चहा. माझा अंदाज: उत्कृष्ट. खोलीतला माझा सोबती, रिटायर्ड कंडक्टर, त्याला दूध उतू कसं जाऊ द्यायचं नाही हे समजावत होतो, तेवढ्यात ते गेलं. बाईंनी कारण विचारलं. म्हटलं, शेगडी परकी आहे.

५ जून
फुग्याला फेस लावून दाढी. अंदाज: डोळे मिटूनही जमेल. फुगा कंडक्टरनं धरला. वरून छान उतरलो, खाली गाठीपाशी फुटला. कंडक्टर तोंडावरचा फेस पुसत म्हणाला, एक प्रवासी उतरला. बाई हसल्या नाहीत. हात थरथरतोय का, विचारलं. म्हटलं, रबर हलकं आहे. आजवर माझं एकही गिऱ्हाईक फुटलेलं नाही.
संकल्प: उद्यापासून पहाटे उठून हाताचे व्यायाम.

६ जून
जाग आली नाही. इथली गादी फार मऊ.

१० जून
फुगा शाबूत! बाईंनी विचारलं, आज वेगळं काय केलंत? म्हटलं, काही नाही, हात मूळचाच तसा. कंडक्टर मध्येच म्हणाला, आज हे बोलत नव्हते. चोंबडा.

१३ जून
बायकोचा फोन. रविवारी दिवसभराची सुट्टी मिळतेय. सासरे आमच्याकडेच असतात. अर्धांगवायूनं त्यांचा उजवा हात गेला, तेव्हापासून दाढी मीच करायचो. आता वाढलीय, पण दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. बायको म्हणाली, नुसती वाट बघत बसलेत.
बाईंनी सुट्टीचा प्लॅन मागितला. कुठे पाय घसरू शकतो, आणि घसरतोय असं वाटलं तर काय करायचं. कंडक्टरनं स्वतःच्या सुट्टीसाठी पाठपोट कागद भरला. जुने दोस्त भेटले तर काय, एकटं वाटलं तर कोणाला फोन. भित्रा माणूस. मी लिहिलं: अडचण नाही. बाई म्हणाल्या, एकट्यानं बाहेर पडायची वेळ आली तर? म्हटलं, येणारच नाही.

१६ जून, रविवार, दुपार
सासरे गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून खुर्चीत तयार होते. फेस लावताना म्हणाले, तुमच्याच हाताची सवय झालीय, जावईबापू. डावा गाल लोण्यासारखा झाला. हात जराही हलला नाही. बाईंना सांगायला हवं.
मग पातं बोथट वाटलं. बायको म्हणाली, मी आणते. म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही, आलोच दहा मिनिटांत.
पातं घेतलंय. चौकातल्या बाकावर बसून हे लिहितोय. एवढं चांगलं काम झाल्यावर माणसानं जरा दम खावा. मागे बार आहे, पण माझी त्याच्याकडे पाठ आहे.

१६ जून, नंतर
फक्त पाणी प्यायला आत आलो. पंखा चांगला आहे.

१८ जून
पुन्हा केंद्रात. मेव्हण्यानं आणून सोडलं, असं कंडक्टर सांगतो. डोकं जड आहे. पंख्याचा वारा बाधला असणार.
बाई रागावल्या नाहीत. तोच प्रश्न. अंदाज काय होता, झालं काय, फरक कशामुळे? म्हटलं, पातं बोथट होतं. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.
कंडक्टर सुट्टीहून चालत परत आला होता. म्हणाला, कागदावर लिहिलेल्या माणसाला दोनदा फोन करावा लागला. मी काही विचारलं नव्हतं.

१९ जून
बायकोचा फोन. आवाज चढला नाही तिचा. चढला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.
म्हणाली, गालावरचा फेस वाळला तरी बाबा खुर्चीतून उठेनात. येतील म्हणत होते. शेवटी तिनंच उरलेला गाल केला. म्हटलं, कापलं असेल कुठेतरी. म्हणाली, नाही, पातं चांगलं होतं. आता दर रविवारी तीच करणार आहे, त्यांनी हो म्हटलंय.
बाबा माझ्याबद्दल काही म्हणाले का, विचारलं.
म्हणाली, काही नाही. मेव्हणा मला केंद्रात सोडून घरी गेला, तेव्हा बाबांनी त्याला एवढंच विचारलं, जावईबापू जेवले का?
मग?
तो हो म्हणाला.
फोन ठेवल्यावर बसून राहिलो. जेवलो होतो का मी? काही केल्या आठवत नाही.